क्रॅश गार्ड घेताना पाईप नका बघू, ब्रॅकेट बघा

मागच्या सप्टेंबरात ताम्हिणी घाटात माझी हिमालयन, म्हणजे रॉयल एनफिल्डची बाईक, आडवी झाली. वेग म्हणाल तर चालत्या माणसाइतका. डोंगरवाडीच्या पुढे एका वळणावर थांबलो होतो, निघताना गाडी वळवून घेत होतो, रस्त्याच्या कडेला शेवाळ धरलंय हे लक्षातच आलं नाही, पुढचं चाक सटकलं, डावा पाय टेकवायला गेलो तर तोही सटकला आणि १९९ किलोची गाडी डाव्या अंगाला पडली. एवढंच. असं पडणं ज्यांच्याकडे जड गाडी आहे त्यांच्यापैकी प्रत्येकाने एकदा तरी अनुभवलेलं असतं.

गाडीला क्रॅश गार्ड होता, म्हणजे गाडी पडली तर इंजिन वाचावं म्हणून दोन्ही बाजूंना लावतात तो लोखंडी पाईपचा लूप. दीड वर्षापूर्वी अडीच हजाराला लावून घेतलेला, जाडजूड दिसणारा, काळं पावडर कोटिंग, विकणाऱ्याने सांगितलं होतं की दोन एमएमचा पाईप आहे साहेब, हत्ती उभा करा. तर झालं असं की पाईप वाकलाच नाही. जिथे तो खाली फ्रेमला बोल्टने बसवला होता तिथलं, पाईप आणि ब्रॅकेटच्या पट्टीमधलं वेल्डिंगच सुटलं, अख्खा लूप मागे फिरला आणि इंजिनच्या केसिंगवर आणि माझ्या नडगीवर येऊन बसला. पाय खाली, वर गार्ड, त्यावर गाडी. घोटा अडकला. गाडी उचलायला जोर लावायचा तर पाय मोकळा पाहिजे आणि पाय मोकळा करायचा तर गाडी उचलायला पाहिजे.

मागून स्प्लेंडरवर दुधाचे कॅन लावलेले एक काका येत होते. मी गाडीचं हँडल धरून उठवायची धडपड करतोय हे बघून त्यांनी लांबूनच ओरडून सांगितलं, "अहो आधी पाय काढा तुमचा, गाडी कुठं जात नाही!" त्यांनी मागचं कॅरिअर धरून गाडी वीतभर उचलली, मी पाय ओढून काढला, मग दोघांनी मिळून उभी केली. गिअर लिव्हर आत वाकून केसिंगला चिकटला होता, तो टूलकिटमधल्या पान्ह्याने ओढून जेमतेम बाहेर काढला, लोंबकळणारा गार्ड बंजी कॉर्डने टाकीच्या रॅकला बांधला आणि दुसऱ्या गिअरवर पौडपर्यंत आलो. ऑइल गळत नव्हतं हे नशीब. घोटा तीन आठवडे सुजलेला होता.

घरी येऊन पडल्या पडल्या एकच विचार डोक्यात. गाडी सपाट रस्त्यावर जागच्या जागी आडवी होणं हा तर क्रॅश गार्डसाठी सगळ्यात सोपा पेपर आहे. तिथेच तो नापास झाला, तर मग तो होता कशासाठी?

भोसरी एमआयडीसीत माझ्या ओळखीचे एक फॅब्रिकेशनवाले काका आहेत, चाळीस वर्षं त्यांचं हेच काम, ग्रील, मशिनचे स्टँड, कन्व्हेअरच्या फ्रेमा. तुटलेला गार्ड घेऊन त्यांच्याकडे गेलो. त्यांनी तो हातात घेऊन पाईपकडे बघितलंच नाही, सरळ तुटलेली जागा उजेडाकडे धरली आणि म्हणाले, "हे बघ, हे चिकटलंच नव्हतं कधी." आणि खरंच, पावडर कोटिंगचा पापुद्रा उडाला होता त्याखाली वेल्डिंगचा मणी पट्टीवर नुसता ठेवल्यासारखा बसलेला दिसत होता, पट्टीची कडा जशी कापली तशीच धारदार, वितळल्याची खूणच नाही. वेल्डिंग नीट झालं असतं तर दोन्हीकडचं लोखंड वितळून एक झालं असतं आणि तुटलं असतं तर शेजारचं लोखंड फाटून आलं असतं. इथे मणी अख्खाच्या अख्खा सुटून आला होता, नखाने टरफल काढावं तसा. काका म्हणाले करंट कमी ठेवला होता. पाईप पातळ असला की वेल्डर करंट कमी ठेवतो, नाहीतर पाईपला भोक पडतं, मग पाईप वाचतो पण जाड पट्टी तापतच नाही आणि जोड कच्चा राहतो.

मग त्यांनी कटिंग व्हील लावून पाईप मधोमध कापला आणि व्हर्नियर लावला. १.२ मिलिमीटर. म्हणजे १८ गेज (गेजचा आकडा मोठा तितकी भिंत पातळ). दोन एमएम म्हणजे १४ गेज, त्याच्या जवळपासही नाही. पण काकांनी जे पुढे सांगितलं ते मला जास्त महत्त्वाचं वाटतं. बाहेरून २५ एमएमचा पण १.२ भिंतीचा पाईप आणि बाहेरून २२ चा पण २ एमएम भिंतीचा पाईप, हे दोन्ही वाकायला जवळजवळ सारखाच जोर लागतो. पाईपची ताकद बाहेरच्या व्यासाने खूप झपाट्याने वाढते, मी घरी येऊन हिशेब करून बघितला, खरंच उन्नीस-बीस निघतो. त्यामुळे पातळ पण जाड दिसणारा पाईप हातात धरला तर मजबूत वाटतो, त्यात खोटं काही नाही. फरक पडतो तो एका जागी मार बसल्यावर. पातळ भिंतीचा पाईप दगडावर आपटला की तिथे पिचतो, डबा चेपल्यासारखा, आणि एकदा पिचला की तिथून सरळ दुमडतो. आणि दुसरं म्हणजे वर सांगितलं ते वेल्डिंगचं.

म्हणून माझं म्हणणं असं झालंय की दुकानात गेलात तर पाईपच्या जाडीवर भाव करत बसू नका. गार्ड उलटा करा. ब्रॅकेट बघा. जिथे पाईप संपतो आणि पट्टी सुरू होते ती जागा बघा. वेल्डिंग पाईपच्या पूर्ण गोलाईवर फिरलंय की नुसते दोन टाके मारून वर कोटिंग केलंय? पट्टी किती जाड आहे, तिला कोपऱ्यात आधार म्हणून त्रिकोणी तुकडा लावलाय का? पाईपला जिथे वाक दिलाय तिथे आतल्या बाजूला सुरकुत्या पडल्यात का किंवा गोल पाईप चपटा झालाय का? चपटा झालेला वाक म्हणजे पडल्यावर पहिली घडी तिथेच पडणार. मँड्रेल बेंडिंग केलेला, म्हणजे आतून आधार देऊन वाकवलेला पाईप वाकातही गोलच राहतो, बोट फिरवलं तरी कळतं, त्यासाठी इंजिनिअर असायची गरज नाही.

आता खरा गाभ्याचा मुद्दा. गाडी पडते तेव्हा जो मार बसतो तो गार्डमध्ये संपत नाही, तो कुठेतरी जातो. गार्ड थोडा वाकला तर बराचसा मार वाकण्यात खर्च होतो, उरलेला ब्रॅकेटमधून बोल्टवर आणि बोल्टमधून फ्रेमवर नाहीतर इंजिनवर जातो. गार्ड इतका कडक बनवला की तो वाकणारच नाही, तर सगळा मार फ्रेमवर. मग गार्डला ओरखडाही नाही पण फ्रेमवरचा माउंट, म्हणजे गार्डचा बोल्ट बसतो ती जागा, वाकलाय, असं होतं आणि ते फार महागात पडतं, कारण गार्ड बदलता येतो, फ्रेम बदलायची म्हणजे आरटीओपासून सगळं आलं. लोक "माझा गार्ड बघ, पडलो तरी वाकला नाही" असं कौतुकाने सांगतात ना, तेव्हा मला वाटतं त्यांनी एकदा खाली बसून माउंट बघावा.

माझ्या जुन्या, ४११ सीसीच्या हिमालयनला इंजिनखालून फ्रेमचे पाईप जातात, म्हणजे गार्ड बसवायला फ्रेमचा आधार मिळतो. पण आजकाल बऱ्याच गाड्यांत इंजिन हाच फ्रेमचा भाग असतो, खालून पाईपच नाही, केटीएमची ड्यूक घ्या किंवा नवी ४५० हिमालयन घ्या. अशा गाडीला गार्डचा बोल्ट इंजिनच्या माउंटमध्येच जातो आणि ते केसिंग ॲल्युमिनियमचं असतं. तिथे गार्डने पहारीसारखी उचल खाल्ली तर ॲल्युमिनियम वाकत नाही, त्याला तडा जातो. म्हणून अशा गाड्यांना गार्डचे डावे-उजवे भाग समोरून एका आडव्या पाईपने जोडलेले असले पाहिजेत आणि प्रत्येक बाजूला किमान दोन ठिकाणी बोल्ट पाहिजे, शक्यतो तीन. आडवा पाईप असला की डावीकडचा मार उजवीकडेही वाटला जातो. एका बोल्टवर तरंगणारा गार्ड फुकट मिळाला तरी मी लावणार नाही.

हेच फ्रेम स्लायडरचं. स्लायडर म्हणजे ते बाजूला बाहेर आलेले प्लॅस्टिकचे गोल बुंधे, चांगले असतील तर डेलरिनचे असतात, डेलरिन घट्ट असतं आणि रस्त्यावर घासत सरकतं, अडकत नाही. रेसट्रॅकवर ते त्यासाठीच लावतात, गाडी घसरत लांब जावी, कशात अडकून पलट्या खाऊ नये म्हणून. पण स्लायडर जितका लांब बाहेर तितका त्याच्या बोल्टवर ताण जास्त, एकच बोल्ट आणि त्यावर चार इंचाचा दांडा म्हणजे बोल्ट वाकवायचं यंत्रच तयार झालं. आखूड स्लायडर, वेगळ्या प्लेटवर बसवलेला, तो बरा. आपल्याकडे घाटात आणि शहरात ज्या पडापडी होतात त्या बहुतेक जागच्या जागी किंवा कमी वेगाच्या असतात, त्यासाठी मला स्वतःला गार्डच जास्त कामाचा वाटतो.

बोल्टबद्दल दोन शब्द जास्त लिहितो कारण इकडे कोणी बघतच नाही. गार्डबरोबर जे बोल्ट येतात त्यांच्या डोक्यावर ८.८ किंवा १०.९ असा बोल्टच्या ताकदीचा आकडा कोरलेला असतो, तो शोधा. काहीच कोरलेलं नसेल तर तो बोल्ट बाजूला ठेवा आणि नाना पेठेत जाऊन चांगला घेऊन या. चकचकीत स्टेनलेसचे बोल्ट लोकांना आवडतात, गंज लागत नाही म्हणून, पण नेहमीचा ए२-७० स्टेनलेस बोल्ट हा ८.८ पेक्षा मऊ असतो, तो ४५० मेगापास्कल इतक्या ताणाला कायमचा ताणला जायला लागतो, ८.८ वाला ६४० ला. नंबर प्लेटला स्टेनलेस खुशाल लावा, गार्डला नको. आणि पिच, म्हणजे दोन आट्यांमधलं अंतर! एम १० चा बोल्ट मागितला की दुकानदार बहुतेक वेळा १.५ पिचचा देतो, बाईकवर बऱ्याच ठिकाणी १.२५ पिच असतो, सुरुवातीचे एक-दोन आटे दोन्ही जातात आणि मग घट्ट लागायला लागतो, आपल्याला वाटतं गंजामुळे, आपण पान्ह्याला पाईप लावून जोर करतो आणि इंजिनमधले आटे जातात. जुना बोल्ट बरोबर घेऊन जा, त्याच्याशी जुळवून घ्या, पाच मिनिटांचं काम आहे.

आणखी एक गोष्ट जी मला काकांनी दाखवली. ब्रॅकेटवर जिथे वॉशर बसतो तिथेही पावडर कोटिंगचा जाड थर असतो. बोल्ट आवळला की सुरुवातीला घट्ट बसतो, पण सिंगल सिलिंडरची थरथर आणि उष्णता यांनी तो थर हळूहळू दबतो आणि बोल्ट सैल पडतो, बोल्ट फिरलेला नसतो तरी. म्हणून त्यांनी नव्या गार्डच्या वॉशरखालचं कोटिंग पॉलिश पेपरने घासून काढायला लावलं आणि दोनशे किलोमीटरनंतर परत सगळं आवळायला सांगितलं. बोल्ट सैल पडू नये म्हणून आट्यांना लावतात ते निळं लॉकटाईट लावलं. इंजिनचा बोल्ट काढायचा असेल तर एका वेळी एकच काढायचा, तो बसवला की मग दुसरा, दोन्ही एकदम काढले तर इंजिन थोडं खाली बसतं आणि मग भोकं जुळत नाहीत.

आता पायाबद्दल. आपल्याकडे या वस्तूला लहानपणापासून लेग गार्ड म्हणतात. बाबांच्या राजदूतला होता, मंडईतून येताना ते त्यावर भाजीची पिशवी अडकवायचे, आणि आई मागे बसताना दरवेळी म्हणायची की गार्ड आहे म्हणून बरं, पायाला काही होणार नाही. त्या नावामुळे आपल्या सगळ्यांच्या डोक्यात बसलंय की हा पायासाठी आहे. अमेरिकेत हॅरी हर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लॉस एंजेलिसच्या भागातले ९०० मोटरसायकल अपघात जागेवर जाऊन तपासले होते, १९८१ ला तो रिपोर्ट आला, हर्ट रिपोर्ट म्हणूनच ओळखतात. त्यात क्रॅश बारबद्दल स्पष्ट लिहिलंय की दुखापत टाळण्याचा उपाय म्हणून तो कामाचा नाही, घोटा आणि पाऊल यांच्या दुखापती कमी होतात पण तितक्याच मांडी, गुडघा आणि नडगीच्या वाढतात. मला हे वाचून धक्का बसला होता पण विचार केला तर पटतं, समोरून किंवा बाजूने कार आली तर पाईप पायावरच दुमडणार, आणि वेगात असताना पडलो तर पाय त्या लूपमध्ये अडकणार.

रिपोर्ट जुना आहे, तेव्हाच्या गाड्या वेगळ्या, तेव्हाचे गार्डही वेगळे. पण माझ्या नडगीवर जी खूण आहे ती याच गोष्टीची आहे म्हणून मी तो गांभीर्याने घेतो. हळू पडलो आणि गार्ड जागेवर टिकला तर गाडी आणि रस्ता यांच्यात पाय काढून घ्यायला फट राहते, हा फायदा शंभर टक्के खरा आहे, मला तोच हवा होता आणि तोच मिळाला नाही. त्यापलीकडे गार्ड गाडीसाठी आहे. इंजिनचं केसिंग, टाकी, रेडिएटर किंवा ऑइल कूलर, गिअर लिव्हर हे वाचावं आणि तुम्हाला गाडी चालवत घरी येता यावं, इतकं त्याचं काम.

पायासाठी बूट. मी त्या दिवशी साधे स्पोर्ट्स शूज घातले होते. घोट्याच्या वर जाणारे, घोट्यावर कडक कवच असलेले, तळवा सहज न पिळवटणारे रायडिंग बूट, शक्य असेल तर ईएन १३६३४ (रायडिंग बुटांचं युरोपियन मानक) छापलेले. तुमच्याकडे सहा-सात हजारच आहेत आणि गार्ड की बूट असा प्रश्न असेल तर आधी बूट घ्या, हे मी अगदी मनापासून सांगतोय. आणि हायवेवर गार्डवर दोन्ही पाय ताणून टाकून चालवणारे दिसतात ना, कृपा करून नका करू. मागच्या ब्रेकवरून पाय काढलेला, समोर म्हैस आली तर पाय परत आणेपर्यंत पंचवीस-तीस मीटर गेलेले असतात.

कायद्याचं लोक विचारतात. मागच्या चाकाचा साडी गार्ड कायद्यात आहे, केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधला नियम १२३, मागचं चाक किमान अर्धं झाकलेलं पाहिजे, मागे बसणाऱ्याचे कपडे अडकू नयेत म्हणून. कित्येक जण गाडी स्पोर्टी दिसावी म्हणून शोरूममधून बाहेर पडल्या पडल्या तोच काढतात आणि पुढे गार्ड लावतात, आणि मग आईला, बायकोला ओढणी सांभाळत बसावं लागतं. २०१७ च्या डिसेंबरात केंद्राने क्रॅश गार्ड आणि बुल बारवर कारवाई करा असं राज्यांना कळवलं होतं, ती बातमी फिरली तेव्हा बाईकवाले घाबरले, पण तो विषय मुख्यतः कार-जीपच्या पुढे लावतात त्या लोखंडी बुल बारचा होता, पायी चालणाऱ्याला त्याचा मार बसतो म्हणून. माझा स्वतःचा नियम साधा आहे, गार्ड हँडलच्या टोकांपेक्षा बाहेर नको. लक्ष्मी रोडला गर्दीतून जाताना माणूस हँडलच्या अंदाजाने गाडी काढतो, गार्ड त्याहून रुंद असला तर कुणाच्या तरी पोटरीला लागणार.

बाकीच्या गोष्टी थोडक्यात. हँडगार्ड घ्यायचे तर आतून धातूची पट्टी असलेले आणि दोन्ही टोकांना बसणारे घ्या, नुसतं प्लॅस्टिक वाऱ्या-पावसाला ठीक आहे, लिव्हर वाचवत नाही. हँडगार्ड नसतील तर क्लच आणि ब्रेक लिव्हरचे क्लॅम्प इतकेच आवळा की जोरात मार बसला तर लिव्हर हँडलवर फिरेल, तुटणार नाही. हे फुकटचं काम आहे आणि त्याने माझ्या मित्राचा लिव्हर दोनदा वाचलाय. तरी लांब जाताना एक क्लच लिव्हर सीटखाली ठेवावाच. बॅश प्लेट, म्हणजे इंजिनखालची संरक्षक प्लेट, ४११ ला कंपनीचीच येते. गार्डवर फॉग लाईट लावणार असाल तर वायरिंग रिलेवरून घ्या आणि वायर पाईपच्या मागच्या बाजूने न्या, पुढून नेली तर पहिल्या पडण्यात कापली जाते.

आता गाडीला नवा गार्ड आहे, साडेसहा हजाराचा. पाईप २२ चाच आहे, आधीच्यापेक्षा बारीक दिसतो, सोसायटीतल्या एकाने तर विचारलं की डाऊनग्रेड केलं का. भिंत २ एमएम, दोन्ही बाजूंना तीन-तीन बोल्ट, मध्ये आडवा पाईप. लावायच्या आधी भोसरीला नेऊन काकांना दाखवला, त्यांनी ब्रॅकेटवरून अंगठा फिरवला, एका जागी थांबले, म्हणाले इथे अजून एक फेरी पाहिजे होती पण चालेल. जूनमध्ये दिवेआगरला साईड स्टँड ओल्या मातीत रुतून गाडी उभ्या-उभ्या पडली, गार्डवर करंगळीएवढा ओरखडा आला, गाडी उचलली, लगेच चालू झाली.

प्रत्येक नटावरून ब्रॅकेटपर्यंत पांढऱ्या पेंट मार्करने एक सरळ रेघ मारून ठेवलीये, नट फिरला की रेघ तुटलेली दिसते, खाली वाकून एक नजर टाकली की झालं. आज संध्याकाळी गाडी धुताना बघितलं तर डाव्या बाजूच्या खालच्या नटाची रेघ दोन एमएम सरकलीये. उद्या सकाळी वेल्ह्याला निघायचंय, त्याआधी तो आवळून नवी रेघ मारायची आहे.